सत्तावीस मार्चचा अर्ज

बिरू आणि त्याची आई सुगंधाबाई आमच्या गल्लीत आले ते मेंढरं संपल्यावर. २००३चा उन्हाळा. पाऊस ओळीनं दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. त्यांच्या देवगाव रंगारीजवळ जनावरांची छावणी उघडली, पण तिथं गाई-बैलांना दावण होती, मेंढरांना नव्हती. सव्वाशेतली अठरा मेंढरं उरली तेव्हा ती खाटकाला देऊन मायलेक शहरात आले.

पुंडलिकनगरात तेव्हा बैठी घरं पाडून अपार्टमेंट उठत होती. आमच्या समोरच्या प्लॉटवर असंच एक काम चाललं होतं. तिथं बिरू वॉचमन म्हणून लागला आणि सुगंधाबाई ओल्या स्लॅबवर पाणी मारायच्या कामावर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पहिल्या दिवशी ती नळी हातात धरून नुसतीच उभी राहिली होती. मुकादम ओरडला तेव्हा म्हणाली, "सिमिटाला एवढी तहान लागती व्हय?"

त्यांना प्यायचं पाणी आमच्या बोअरवरून भरू द्यायचं बाबांनी कबूल केलं. बाबा म्हणजे प्राध्यापक लक्ष्मण आन्वीकर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, निम्मा वर्ग रिकामा असतानाही घसा ताणून शिकवलं, आणि निवृत्त झाले. शहरातल्या मोठ्या वसंत व्याख्यानमालेनं त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. दरवर्षी पत्रिका आली की ते ती उभ्याउभ्या वाचत आणि म्हणत, "यंदाही गल्लीतलेच गवई."

बिरू सव्वीस वर्षांचा होता, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले. साइटवरच्या मजुरांचा स्वयंपाक तोच करायचा आणि चांगला करायचा. पुढच्या जानेवारीत मुंबईचा एक एजंट मुकादमाच्या ओळखीनं आला. कुवेतला मोठ्या हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली काम, राहायला खोली, दोन वर्षांचा करार. बिरूनं जायच्या आधी आमच्या दारात येऊन विचारलं, "सर, आईशी बोलायला तुमच्या फोनवर फोन केला तर चालंल का?"

"अरे, कर की," बाबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते.

पहिले दोन-तीन फोन साधे होते. शुक्रवारी दुपारी घंटी वाजायची, मी गच्चीवरून हाक मारायची आणि सुगंधाबाई ओल्या पायांनी धावत यायची. जेवलास का, ऊन किती हाय, तिकडं मेंढरं असत्यात का. मग एका शुक्रवारी बिरू म्हणाला, "ताई, आज आईला बोलवू नका. सरांना द्या."

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला. बिरूचा आवाज दबका होता.

"सर, आमी कुवेतात न्हाई आता. बसमधी घातलं अन् आणलं. आधी सांगितलं एका दिवसाचं काम हाय. पासपोर्ट त्यांच्यापाशी. हितं समदे अमेरिकेचे फौजी हायेत. हे इराक हाय म्हणत्यात."

बाबा खुर्चीत सरळ झाले. मला आठवतं ते हे, की त्यांचा पहिला प्रश्न 'तू बरा आहेस ना' हा नव्हता. त्यांनी विचारलं, "छावणी किती मोठी आहे?"

त्याच आठवड्यात वसंत व्याख्यानमालेचं पहिलंवहिलं निमंत्रण आलं होतं. नऊ मे, रविवार, संध्याकाळी साडेसहा. विषय बाबांनीच कळवला होता: 'अमेरिका इराकमध्ये का गेली?' टेबलावर इंग्रजी पुस्तकांचा आणि कात्रणांचा ढीग होता. आणि आता त्या ढिगाच्या शेजारी फोनवर एक माणूस होता, जो तिथं प्रत्यक्ष कांदा चिरत होता.

पुढच्या शुक्रवारी मी फोनशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला. बाबांनीच सांगितलं होतं, पण ठेवला मी. मी तेव्हा पत्रकारितेचा अभ्यासक्रम नुकताच संपवला होता आणि एका दैनिकात विनावेतन उमेदवारी करत होते.

बिरू सांगायचा ते ऐकताना आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो. तिथं पाण्याच्या बाटल्यांचे ढीग होते, घराएवढे, आणि ते उन्हात तसेच पडलेले. वाळवंटात आइस्क्रीम यायचं आणि उरलं तर खड्ड्यात जायचं. कुंपणाबाहेर बायाबापड्या त्या खड्ड्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि पहारेकरी त्यांच्यावर बंदूक रोखायचे. एका गोऱ्या पोराला त्यानं केरळच्या आचाऱ्याकरवी विचारलं होतं, तू इथं कशाला आलास? तो म्हणाला, कॉलेजची फी भरायला.

"अन् त्यांच्या सायबाला इचारलं तर म्हणं, हितल्या लोकांला सुटका द्यायला. पर सर, मला तर वेगळंच वाटतं."

"काय वाटतं?" बाबांनी पेन उचललं.

"लई मोठा कळप आसला ना सर, तर तो एका जागी बसत न्हाई. त्याला दुसऱ्याचं रान लागतंच. चारा संपला म्हणून नव्हं. बसला तर मेंढकेच आपसात भांडत्यात. म्हणून हाकत ऱ्हायचं."

बाबांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सव्वीस मार्चला बिरूचा आवाज बदललेला होता. आदल्या दिवशी कुंपणापाशी तोफेचा गोळा पडला होता आणि भांडी धुणारा एक नेपाळी माणूस गेला होता.

"सर, मला परत यायचं हाय. हितले लोक म्हणत्यात, आपल्या सरकारला कागुद गेला तर वकिलातीचा माणूस येतो. केरळवाल्या दोघांचं तसंच झालं, गेले ते घरी. तुमी मोठे हाय, तुमी अर्ज करा. आईला मातर सांगू नका. ती जीव देईल."

"उद्याच करतो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाइप केला. एक कलेक्टर कचेरीसाठी, एक दिल्लीला परराष्ट्र खात्याला, एक कुवेतमधल्या भारतीय वकिलातीला. बिरूचं पूर्ण नाव, गाव, एजंटनं दिलेल्या कागदावरचा नंबर, छावणीचं नाव जसं त्यानं उच्चारलं तसं. सुगंधाबाईचा अंगठा हवा होता. मी तिला म्हटलं, रेशनच्या कामासाठी आहे. तिनं हात साडीला पुसून अंगठा दिला.

बाबांनी तिन्ही पाकिटं पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "थोडं थांबू या."

"थांबायचं?"

"विचार कर, चारू. अर्ज गेला की चौकशी होणार. त्याला तिथं नेणारी कंपनी सावध होणार, फोन बंद होणार. नऊ मेनंतर मी स्वतः दिल्लीला फोन करीन. तो स्वयंपाकघरात आहे, आघाडीवर नाही. महिन्याभरानं काय बिघडतं?"

"बाबा, परवाच तिथं माणूस मेलाय."

"कुंपणापाशी मेला. आणि हे एकट्या बिरूबद्दल नाही. हे लोकांसमोर आलं तर अशा शेकडो बिरूंचा फायदा आहे."

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता हे लिहिणं आता सोपं आहे. खरं कारण असं की त्याच दिवशी संपादकांनी माझा 'छावणीतून' नावाचा मजकूर स्वीकारला होता, बिरूचं नाव बदलून, दर रविवारी एक, माझ्या नावानिशी. चार रविवार ठरले होते. फोन बंद झाला असता तर पहिल्यालाच संपला असता.

पाकिटं खणात गेली. प्रत्येकाची एक प्रत माझ्या फाइलमध्ये होती. मुख्य टपाल कचेरी माझ्या रोजच्या रस्त्यावर होती. मी तिच्यासमोरून एप्रिलभर दिवसातून दोनदा गेले.

दोन एप्रिलच्या शुक्रवारी बिरूनं विचारलं, "सर, अर्ज दिला का?"

"दिला," बाबा म्हणाले. "चक्रं फिरायला लागली आहेत. सरकारी काम आहे, वेळ लागतो. बरं, मला सांग, इराकी मजूर आत येतात तेव्हा त्यांची झडती कशी घेतात?"

बिरूनं सांगितलं. सगळं सांगितलं. नऊ तारखेला सांगितलं, सोळाला सांगितलं. आपण सरांचं काम केलं की सर आपलं करतील, असं त्याला वाटत असावं. तेवीसला तो म्हणाला, "सर, वकिलातीचा माणूस अजून आला न्हाई. नाव चुकलं नसंल ना अर्जात?"

"नाव बरोबर आहे," बाबा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी तो आईशी बोलला. त्यानं तिला सांगितलं की हॉटेलात एसी आहे आणि थंडी वाजते. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "थंडी वाजती म्हणं," ती आम्हाला सांगत सुटली, "माझ्या लेकाला!"

एकोणतीस एप्रिलला दुपारच्या जेवणाच्या वेळी गोळा स्वयंपाकाच्या तंबूवर पडला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. फोन वेळेवर आला, पण आवाज थॉमसचा होता, केरळच्या आचाऱ्याचा. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "बिरू भाई नहीं रहा." आणि मग म्हणाला, "एंबसी को चिट्ठी भेजा था ना आप लोग? वो रोज पूछता था."

बाबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत गेले. मी थॉमसला म्हटलं, "हाँ, भेजा था."

सुगंधाबाईला आम्ही संध्याकाळी सांगितलं, तिचं पाणी मारून झाल्यावर. ती आमच्या ओट्यावर बसली होती. इराक म्हणजे काय हे तिला कळेना. "तो कुवेतला हाय," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "तो हाटेलात हाय. तुमचा काय तरी घोटाळा झालाय. तिथं थंडी वाजती." शेवटी बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून तिला दाखवलं. तिनं त्या बोटाकडं बघितलं आणि कपाळ फरशीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. बाबांनी तिचे खांदे धरले तेव्हा फरशीवर रक्त होतं.

छावणीचं स्वयंपाकघर चालवणाऱ्या कंपनीनं कळवलं की हा माणूस आमच्या इराकमधल्या यादीत नाही. कुवेतच्या एजन्सीनं कळवलं की तो करार मोडून निघून गेला होता. मृतदेह कुठल्या शवागारात आहे हे आठ दिवस कोणाला सांगता येईना. बाबांनी मात्र आता धडाका लावला. दिल्लीला फोन, खासदारांना पत्रं, वर्तमानपत्रांना निवेदन. ज्या माणसाला सत्तावीस मार्चपासून एक पाकीट पोस्टात टाकता आलं नव्हतं, त्यानं दोन दिवसांत चाळीस पत्रं टाकली. नऊ मे जवळ आली होती.

त्यांनी सुगंधाबाईला सभागृहात आणायचं ठरवलं. ती नको म्हणाली. बाबा म्हणाले, "मोठमोठे लोक येणार आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर बिरू लवकर घरी येईल." मग ती आली. नवं लुगडं नव्हतं, म्हणून मी माझ्या आईचं एक दिलं.

सभागृह भरून बाहेर पडदा लावावा लागला. बाबा सव्वा तास बोलले, आणि मी त्यांना इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तेल, डॉलर, शस्त्रांचे कारखाने, निवडणुका. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मित्रहो, बलाढ्य राष्ट्र हे मोठ्या कळपासारखं असतं. त्याला दुसऱ्याचं रान लागतंच. चारा संपला म्हणून नव्हे. एका जागी बसला, तर मेंढकेच आपसात भांडतात!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हे कोणाचं वाक्य आहे ते त्यांनी सांगितलं नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," ते म्हणाले, "दूरचं युद्ध करणं त्यांना परवडतं, कारण मरणारा त्यांचा कोणी नसतो. या माउलीला विचारा."

सुगंधाबाई व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला न टेकता. अध्यक्षांनी तिला शाल आणि नारळ दिला. मुलगा अजून परदेशातल्या शवागारात, आणि आईच्या मांडीवर सत्काराचा नारळ. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, इकडं बघा." तिनं बघितलं.

कोणीतरी माइक तिच्या तोंडापाशी धरला. तिनं मांडीवरचा नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या लेकाला आणायला कोण जाणार हाय? आज निघणार का उद्या?"

लोक उभे राहिले. उभं राहून टाळ्या वाजवू लागले. कितीतरी जण रडत होते. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, यांतला जाणारा कोणता ते शोधत.

वीस मेला पेटी मुंबईच्या विमानतळावर आली. मी ॲम्ब्युलन्समधून तिच्याबरोबर देवगाव रंगारीला गेले. बाबांना रेडिओवर मुलाखत होती. पेटीवर उघडू नये असं लिहिलं होतं. तिचा दीर कडुबा म्हणाला, "वहिनी, नको." ती म्हणाली, "हा माझा हाय का दुसऱ्या कुणाचा, मी बघितल्याबिगर माती देणार नाय." त्यांनी उघडली. मी मागे फिरले. तिनं बघितलं, आणि डोक्यावरचा पदर काढून त्याच्या तोंडावर घातला.

माती झाल्यावर ती घरामागं दगडावर बसली होती, कडुबा शेजारी. मला राहवलं नाही. मी पर्समधून अर्जाची प्रत काढली आणि तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"अर्ज आहे मावशी. बिरूला परत आणावं म्हणून."

"आता कशाला?"

"आताचा नाही."

तिनं कागद उलटा धरला होता. मला परत दिला. "वाच."

मी वाचला. अर्जदाराचा मुलगा फसवून नेला आहे, त्याच्या जिवाला धोका आहे, त्याला त्वरित मायदेशी आणावे. खाली तिचा अंगठा होता. तो तिनं ओळखला.

"रेशनचा म्हणली व्हतीस."

"हो."

"तारीख कोणची?"

"सत्तावीस मार्च."

"मंग गेला कसा नाय तो?" कडुबानं विचारलं.

मी सांगितलं. खण, पाकिटं, व्याख्यान. सांगून झालं तेव्हा मला, खरं सांगते, हलकं वाटलं. तिनं ते माझ्या चेहऱ्यावर पाहिलं असावं.

"तुझ्या बापाला भाषण व्हतं," ती म्हणाली. "तुला काय व्हतं?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"हे मला कशापायी सांगितलंस? मी आजपतुर अमेरिकेला शिव्या देत व्हते. ती लांब व्हती, बरं व्हतं. आता मी तुमच्या दारात पाण्याला कशी येऊ?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुझं वझं तू माझ्या डोक्यावर ठिवलंस. आजच्या दिशी. जा आता, शेवटची यष्टी हाय."

ती साइटवर परतली, कारण जायला दुसरी जागा नव्हती. पण आमच्या बोअरवर आली नाही. रिकामा हंडा घेऊन ती तीन गल्ल्या पलीकडे टँकरच्या रांगेत उभी राहायची. बाबांना कळेना. ते म्हणायचे, "बाईला काय झालंय? मी तिच्यासाठी एवढं केलं!"

जूनमध्ये एकदा ती आली. पायरीवरच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या दिवशी मला काय बी समजलं नाय. अमेरिका तिथं कशाला गेली, ते मला एकदा सांगा."

बाबा खूश झाले. त्यांनी तिला बसवलं, नकाशा काढला आणि अर्धा तास समजावून सांगितलं, सोप्या शब्दांत, गावची उदाहरणं देऊन. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी तिथं जायचं त्यांचं काय बी अडलं नव्हतं."

"अगदी बरोबर! अडलं काहीच नव्हतं."

"लोकांनी मोठं म्हणावं म्हणून गेले."

"थोडक्यात, हो. असंही म्हणता येईल."

"अन् मधी कुणी मेलं, तर ते त्यांच्या हिशेबातच नव्हतं."

"हो," बाबा म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

सुगंधाबाई उठली. "तुमाला सगळं ठावकं हाय, सर," ती म्हणाली. "लई शिकलेले हाय." आणि पायऱ्या उतरून गेली.

बाबा दारापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "दुःखात माणूस काहीही बोलतं," आणि नकाशाची गुंडाळी करू लागले. दिवाळीत त्यांचं पुस्तक आलं. अर्पणपत्रिकेत बिरूचं नाव आहे. पुस्तकाची प्रुफं मी तपासली. माझी नोकरी कायम झाली.

२०१६च्या दुष्काळात मी बातमीसाठी देवगाव रंगारीला गेले होते. टँकरपाशी एका बाईला सुगंधाबाईबद्दल विचारलं. ती म्हणाली, "सुगंधाबाई गेली की, दोन वर्सं झाली. आंधळी झाली व्हती शेवटी." मग माझ्याकडे निरखून पाहत तिनं विचारलं, "तुमची कुणी लागत व्हती का?"

"नाही," मी म्हटलं, आणि टँकर किती दिवसांनी येतो ते विचारलं.